औषधांच्या खिडकीपासून परिषदेच्या व्यासपीठापर्यंत

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. बहुतेकांना तो संपाच्या बातम्यांमुळे परिचित झाला ही गोष्ट वेगळी. पदवी हाती आल्यावर रुग्णालयातच मुक्काम ठोकून, ज्येष्ठांच्या नजरेखाली रात्रंदिवस काम करीत जो शिकतो तो निवासी, एवढा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. परंतु ‘निवासी फार्मासिस्ट’ असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी पुष्कळजण बुचकळ्यात पडतील. चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देणाऱ्या माणसाला रुग्णालयात राहून शिकण्यासारखे असे काय असते, हा प्रश्न साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील रुग्णालयांच्या गेल्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासात मिळते. त्या इतिहासातही एका प्रथेकडे आपल्या समाजातील पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. ती प्रथा म्हणजे, निवासी फार्मासिस्टने वर्षभरात केलेले छोटेसे संशोधन आपल्या व्यवसायातील वडीलधाऱ्यांच्या परिषदेत स्वतः उभे राहून मांडणे.

अमेरिकेकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण औषधविद्या ही आपल्याला उपरी नाही. नवव्या शतकात साबूर इब्न सहल याने औषधयोगांचा जो ग्रंथ रचला, त्या प्रकारच्या ग्रंथांना ‘अकराबादीन’ म्हणत. गझनी येथे राहिलेल्या अल्-बिरुनीने आयुष्याच्या अखेरीस औषधद्रव्यांवर ‘किताब अस्-सैदना’ लिहिला. बाजारावर देखरेख ठेवणारा ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी सरबते आणि औषधे विकणाऱ्यांची तपासणी करी, आणि त्याने काय काय पाहावे याचे नियम बाराव्या शतकातील ग्रंथांत लिहिलेले आढळतात. महाराष्ट्रात आपल्यात ‘अत्तार’ हे आडनाव आहे. आज त्याचा संबंध आपण केवळ सुगंधाशी जोडतो. परंतु जुन्या काळी अत्तार हा जडीबुटी आणि औषधेही विकत असे. या साऱ्यांपेक्षा आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे तो इ. स. ९२५ च्या सुमारास निधन पावलेला हकीम अर्-राझी. ‘सरसाम’ होण्याची चिन्हे दिसणाऱ्या काही रुग्णांचे त्याने रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, व दोन्ही गटांचे पुढे काय झाले हे नोंदवून ठेवले. उपचार केलेले आणि न केलेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहावे, हा विचार त्याच्याजवळ होता.

हा वारसा आपण स्मरणिकांतून दरवर्षी आळवतो. त्यात गैर काही नाही. मात्र राझीचे मोठेपण त्याच्या नावात नसून नोंद ठेवण्यात आहे, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. नोंद ठेवण्याची ती सवय पुढे कोणी उचलली, हे आता पाहू.

१९२० च्या दशकात अमेरिकन रुग्णालयातील औषधालय ही फारशी मानाची जागा नव्हती. ते बहुधा तळघरात असे. एक खिडकी, तिच्यामागे बरण्या, आणि खिडकीतून वॉर्डाकडे जाणाऱ्या बाटल्या. फार्मसीच्या महाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण गावातील दुकानासाठी तयार झालेला असे. रुग्णालय कसे चालते याचे शिक्षण त्याला कोठेच मिळत नसे. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील विद्यापीठ रुग्णालयाचा मुख्य फार्मासिस्ट हार्वे व्हिटनी याने १९२७ साली या उणिवेवर उपाय म्हणून पदवीधर फार्मासिस्टसाठी रुग्णालयातच उमेदवारीची सोय केली. पुढे ‘रेसिडेन्सी’ म्हणून जे नावारूपाला आले, त्याचा उगम येथे मानतात. प्रारंभी हेतू मर्यादित होता. औषधालयाचा कारभार सांभाळू शकतील अशी माणसे तयार करणे, साठा, खरेदी, हिशेब आणि औषधे बनविणे यांत त्यांना तरबेज करणे, एवढाच. संशोधनाचे नाव त्यात नव्हते.

या मंडळींना स्वतःचे व्यासपीठही नव्हते. अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशन ही देशव्यापी संस्था १८५२ सालापासून अस्तित्वात होती. परंतु तिच्यात दुकानदारांचे, अध्यापकांचे आणि कारखानदारांचे प्रश्न गाजत. १९३६ साली रुग्णालयातील फार्मासिस्टांना तिच्यात एक उपविभाग मिळाला. सहा वर्षांनी, १९४२ मध्ये, त्यांनी आपली स्वतंत्र संस्था काढली आणि तिचे पहिले अध्यक्षपद व्हिटनीकडेच आले. १९४८ मध्ये या संस्थेने उमेदवारीचे मानदंड ठरविले आणि १९६२ मध्ये रेसिडेन्सीला रीतसर मान्यता देण्याची पद्धत सुरू केली. कोणते रुग्णालय निवासी फार्मासिस्ट घडविण्यास लायक आहे, हे आता तपासून ठरू लागले. दरम्यान संस्थेची साधी पत्रिका वाढत वाढत १९५८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ हॉस्पिटल फार्मसी’ हे नियतकालिक बनली होती. म्हणजे शिकण्याची जागा, लिहिण्याची जागा आणि बोलण्याची जागा अशा तिन्ही गोष्टी तीस-पस्तीस वर्षांत उभ्या राहिल्या. परंतु बोलायचे काय?

याच सुमारास घडलेली एक गोष्ट येथे जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. त्या काळी अमेरिकन रुग्णालयांत वॉर्डावरच औषधांच्या मोठ्या बाटल्या भरून ठेवलेल्या असत. डॉक्टर आदेश लिही, नर्स त्यावरून बाटलीतून मात्रा काढी आणि रुग्णाला देई. फार्मासिस्टचा संबंध बाटली भरण्यापुरता. चुका होत असतील तर त्यांची माहिती देण्यासाठी एक छापील फॉर्म असे. वर्षाकाठी असे मूठभर फॉर्म येत, आणि व्यवस्थापन समाधानाने मान डोलवी, की आपल्याकडे चुका फारशा होत नाहीत.

बार्कर आणि मॅक्कोनेल या दोघांनी फ्लोरिडा विद्यापीठाच्या रुग्णालयात या समाधानाची परीक्षा घेतली. त्यांची रीत अगदी साधी होती. एक निरीक्षक नर्सबरोबर फिरे. रुग्णाला प्रत्यक्षात जी मात्रा दिली गेली, ती तो टिपून घेई. नंतर ती टिपणे डॉक्टरच्या मूळ लेखी आदेशाशी ताडून पाहिली जात. राहून गेलेली मात्रा, कमी-अधिक दिलेली मात्रा, भलत्या वेळी दिलेली मात्रा, कोणी सांगितलेलेच नाही असे औषध, अशा प्रत्येक प्रकाराची वेगळी मोजदाद झाली. १९६२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले, की छापील फॉर्मवर येणाऱ्या चुका या प्रत्यक्ष घडणाऱ्या चुकांच्या मानाने नगण्य होत्या. फॉर्म भरणारी माणसे खोटारडी होती असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक चुका करणाऱ्याच्या लक्षातच येत नव्हत्या, आणि ज्या लक्षात येत त्यांपैकी पुष्कळ भीतीपोटी लिहिल्या जात नसत.

माझ्या मते रुग्णालयीन फार्मसीच्या इतिहासातील हा एक मोठा टप्पा होय. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, महागडे यंत्र लागले नाही, नवे औषधही शोधावे लागले नाही. एक वही, एक पेन्सिल आणि आपल्याच घरातील दोष मोजण्याची हिंमत एवढे पुरले. पुढे आर्कान्सा, आयोवा आदी ठिकाणी प्रत्येक मात्रा औषधालयातच वेगळी बांधून, नाव घालून, देण्यासाठी तयार अशीच वॉर्डात पाठविण्याची पद्धत बसविण्यात आली. निरीक्षणाच्या रीतीनेच पुन्हा मोजले असता या पद्धतीत चुका कमी होतात हे दिसून आले. मोजदाद झालीच नसती तर ही पद्धत खर्चिक म्हणून कोणी स्वीकारलीही नसती.

१९६६ हे वर्ष आणखी दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर फार्मासिस्टांना तळघरातून वर आणून वॉर्डातच बसविण्याचा प्रयोग याच वर्षी सुरू झाला. डॉक्टर आणि नर्स यांच्या शेजारी उभे राहून रुग्णाच्या औषधोपचाराविषयी ते मत देऊ लागले. आज ज्याला क्लिनिकल फार्मसी म्हणतात तिच्या जन्माच्या कहाणीत या नवव्या मजल्याचा उल्लेख हमखास येतो. आणि याच वर्षी रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संस्थेचे पहिले मध्यवार्षिक अधिवेशन भरले. दर डिसेंबरात भरणाऱ्या या अधिवेशनाला आता हजारोंनी माणसे जमतात. त्यांत निवासी फार्मासिस्टांची आणि विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते.

वॉर्डात गेलेल्या फार्मासिस्टला आता रोज प्रश्न दिसू लागले. मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला हे प्रतिजैविक एवढ्या मात्रेत का? रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याची तपासणी वेळेवर होते का? घरी जाताना रुग्णाला जी यादी मिळते, ती दाखल होतानाच्या यादीशी जुळते का? वर्षभर एकाच रुग्णालयात राहणारा तरुण असे प्रश्न धरून बसण्यास योग्यच. म्हणून निवासाच्या वर्षात एक संशोधन-प्रकल्प पूर्ण करणे आणि तो मांडणे हा शिक्षणाचा भाग ठरला.

अमेरिकेत हे वर्ष बहुधा जुलैत सुरू होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रश्न निवडायचा, मार्गदर्शकाशी वाद घालून तो बारीक करायचा (तरुणाचा पहिला प्रश्न नेहमीच फार मोठा असतो), मग रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडे परवानगीसाठी अर्ज करायचा. ही समिती रुग्णांची नावे कशी गुप्त राहतील, त्यांना काही अपाय तर नाही ना, हे पाहते. डिसेंबरच्या अधिवेशनात चालू कामाचे पोस्टर लावायचे आणि त्याच्या शेजारी उभे राहायचे. येणारे-जाणारे थांबतात, विचारतात, कधी काहीच न बोलता पुढे जातात. मग वसंत ऋतूत, एप्रिल-मे महिन्यांच्या सुमारास, विभागीय परिषदा भरतात. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात ‘ग्रेट लेक्स’ परिसरातील निवासी फार्मासिस्टांची, तर जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी आग्नेय भागातील निवासी फार्मासिस्टांची परिषद अशी कित्येक वर्षे भरत आली. या परिषदांचे वैशिष्ट्य असे, की त्या मुख्यतः शिकाऊ मंडळींसाठीच असतात. येथे वक्ता निवासी असतो आणि श्रोत्यांत इतर रुग्णालयांतील मुख्य फार्मासिस्ट, प्राध्यापक आणि त्याच्यासारखेच दुसरे निवासी बसलेले असतात.

मिळणारा वेळ थोडा, साधारण पंधरा-वीस मिनिटे, प्रश्नोत्तरे धरून. एवढ्या वेळात काय सांगायचे? प्रश्न काय होता, तो का पडला, किती रुग्णांच्या कागदपत्रांवरून आणि कोणत्या रीतीने मोजले, काय निघाले, आणि आपल्या मोजणीवर कितपत विसंबावे. हा शेवटचा भाग ऐकणाऱ्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे रुग्ण थोडे होते, अमुक महिन्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या, दोन्ही गट हुबेहूब सारखे नव्हते, हे वक्त्याने कोणी विचारण्याआधी स्वतःच सांगायचे असते. आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या मुलांना ही रीत चमत्कारिक वाटेल. तेथे आपली बाजू दुबळी कोठे आहे हे झाकणे यालाच कौशल्य समजतात.

त्यानंतर प्रश्न येतात. ज्या निवासीने आपल्या प्रकल्पातून काहीच फरक पडला नाही असे सांगितले, त्याला कोणी हसत नाही. “आम्हीही हेच करून पाहणार होतो, आमचे एक वर्ष वाचले,” असा अभिप्राय श्रोत्यांतून यावा, यासाठीच ही परिषद आहे. पण जो आपले आकडे कोठून आले हे सांगू शकत नाही, त्याची मात्र पंचाईत होते. मार्गदर्शक मागच्या रांगेत बसलेला असतो. तो उत्तर देण्यासाठी उठत नाही. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. तेवीस-चोवीस ते सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आपल्या व्यवसायातील अनोळखी ज्येष्ठांसमोर, आपल्या रुग्णालयात काय चुकत होते ते कोणा एकाला दोष न देता सांगते, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणते.

या प्रथेवर टीकाही झाली आहे, ती लपवू नये. एक वर्ष हा काळ संशोधनाला तोकडा. परवानगीतच काही महिने जातात. रुग्णसंख्या लहान राहते. निवासी दुसरीकडे नोकरीला लागला की प्रकल्पाची वही मागे पडते, आणि परिषदेत मांडलेल्या निबंधांपैकी बहुतेक कधीच छापले जात नाहीत. टीका रास्त आहे. तथापि प्रत्येक उमेदवारीतून ग्रंथ निघावा ही अपेक्षाच चुकीची. उमेदवार निघाला म्हणजे पुष्कळ झाले.

आता आपल्याकडे पाहू. भारतात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केले. १९४८ साली फार्मसी कायदा झाला. परंतु शिक्षणाचा ओढा राहिला तो एकीकडे कारखान्याकडे आणि दुसरीकडे दुकानाकडे. पदविकेच्या विद्यार्थ्याला ५०० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे लागते. ते किती ठिकाणी मनापासून घेतले जाते आणि किती ठिकाणी केवळ सहीपुरते, हे ज्याचे त्याने आठवावे. प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, असली दुकाने आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. “पोराला डी. फार्म. करून टाका, लायसन्स मिळेल,” हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जाते! दुकान चालविणे हा हलालीचा, सन्मानाचा धंदा आहे, त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण लायसन्स हाच ज्या शिक्षणाचा शेवट, त्यात प्रश्न विचारायला जागा कोठून राहणार?

२००८ साली फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात लागू झाला, तेव्हा निवासी शिक्षणाची कल्पना प्रथमच नियमांत उतरली. हा अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थेला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी जोडलेले असावे लागते. पाचव्या वर्षी सहा महिन्यांचा प्रकल्प असतो. सहावे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात जाते: सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत. व्हिटनीने ॲन आर्बरला सुरू केलेली गोष्ट ऐंशीएक वर्षांनी आपल्या दारात आली, असे म्हणण्यास हरकत नाही. मुस्लिम शिक्षणसंस्थांनीही औषधनिर्माण महाविद्यालये उभारली आहेत. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, नवीन पनवेल येथे अंजुमन-ए-इस्लामच्या संकुलात, एवढेच काय, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्यासारख्या दूरच्या ठिकाणीही अशी महाविद्यालये आहेत. म्हणजे इमारती आहेत, मुले-मुली आहेत.

प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जाण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली औषधांचा वापर तपासण्याची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. एका भेटीत सरासरी किती औषधे लिहिली जातात, त्यांतील किती मूळ नावाने, किती भेटींत प्रतिजैविक, किती भेटींत इंजेक्शन, आणि किती औषधे आवश्यक औषधांच्या यादीतील, हे मोजायचे. एका विभागाचे चित्र उभे करायचे तर वीस दवाखाने आणि प्रत्येकी तीस भेटी, म्हणजे किमान ६०० चिठ्ठ्या, एवढे प्रमाण तिने सुचविले आहे. आपल्या तालुक्यात इंजेक्शनाशिवाय रुग्णाचे समाधान होत नाही, हे आपण सारेच म्हणतो. ते किती टक्के खरे, हे चार विद्यार्थिनी मिळून एका उन्हाळ्यात सांगू शकतील. रमजानमध्ये रोजे ठेवणारे मधुमेही आपल्या गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा कशा बदलतात, डॉक्टरला विचारून की शेजाऱ्याला, हाही असाच एक प्रश्न. आपल्या मोहल्ल्यात तो विचारायला आपल्या मुलींइतके योग्य दुसरे कोण आहे? नीतिमत्ता समितीची परवानगी मात्र आधी घ्यायची, आणि कोणाचेही नाव कागदावर येऊ द्यायचे नाही.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. प्रकल्प होतो, बांधणी होते, सोनेरी अक्षरांचा खंड ग्रंथालयात जातो आणि तेथेच राहतो. परिषदेला जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, “गुण मिळतात का त्याचे?” मुलगी असेल तर दुसरा, “बरोबर कोण?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर, बहुधा नाही. दुसऱ्याचे उत्तर महाविद्यालयाने द्यायचे आहे: एक शिक्षिका, चार-पाच मुलींचा गट, राहण्याची सोय आधी ठरलेली. ज्या संस्थांनी हे केले त्यांच्या मुली गेल्या आणि सुखरूप परतल्या; ज्यांनी केले नाही त्यांनी पालकांना दोष देऊ नये. प्रवासखर्च ही खरी अडचण असते, आणि येथे समाजातील दात्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. शिष्यवृत्ती फीसाठी देण्याची आपल्यात चांगली परंपरा आहे. दोन दिवसांच्या परिषदेचे रेल्वेचे तिकीट आणि नोंदणीशुल्क यांसाठी हात पुढे करायला मात्र विद्यार्थी संकोचतात आणि दातेही तिला सहल समजतात.

भारतीय फार्मास्युटिकल काँग्रेससारखी मोठी अधिवेशने बहुधा हिवाळ्यात भरतात आणि त्यांच्यासाठी निबंधाचा गोषवारा काही महिने आधी पाठवावा लागतो. म्हणून ज्यांचा प्रकल्प यंदा होणार आहे, त्यांनी पावसाळ्यातच मार्गदर्शकांकडे विषय काढावा, आणि एका संध्याकाळी घरातल्या सर्वांना बसवून आपले पंधरा मिनिटांचे निवेदन साध्या मराठीत किंवा उर्दूत करून दाखवावे. दादीला जे समजले नाही, ते परिषदेतही फारसे कोणाला समजणार नाही.